ओळखीचा रकाना

"या देशात तुमच्या ओळखीचं कोण आहे?"

खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं इंग्रजीत तिसऱ्यांदा विचारलं. पेनाचं टोक त्यानं फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्यावर टेकवून ठेवलं होतं.

"कोणी नाही," मीही तिसऱ्यांदा सांगितलं.

"नातेवाईक? मित्र? गावचं कोणी? तुमचे इतके लोक इथं काम करतात."

"माझ्या ओळखीचं कोणी नाही."

"मग आलात कशाला?"

"आमच्या जिल्ह्यातली सात माणसं तुमच्या गोदीत जळून मेली. त्याची बातमी करायला."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं, रकान्यात 'नाही' असं लिहिलं आणि त्याच्यापुढं माझी सही घेतली. दुसऱ्या पानावर तोच प्रश्न पुन्हा होता. तिथंही 'नाही', तिथंही सही.

मी खोटं बोलत होतो. त्या देशात माझ्या ओळखीचा एक माणूस होता आणि मी त्याच्यासाठीच गेलो होतो.

गोष्ट १९९६ सालची. देश आखातातला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्याकडची पुष्कळ माणसं अजून तिथं पोटासाठी राहतात. मी तेव्हा चिपळूणच्या एका दैनिकाचा मुख्य वार्ताहर होतो. म्हणजे वार्ताहर एकटाच होतो, त्यामुळे मुख्यही मीच. तिथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत एका तेलवाहू जहाजाच्या टाकीत वेल्डिंग चालू असताना स्फोट झाला आणि अकरा माणसं गेली. त्यातली सात गुहागर, दापोली, खेडची. पेट्या आल्या त्या सीलबंद, 'उघडू नये' अशी चिठ्ठी डकवलेल्या. तिथल्या सरकारनं जाहीर केलं की एका कामगारानं टाकीत विडी पेटवली.

तीन आठवड्यांनी रजेवर आलेल्या एका माणसानं मला एक पत्र आणून दिलं. लिहिणारा होता रऊफ तांबे, मुक्काम अंबरखाडी. माणसं टाकीत उतरण्याआधी आत गॅस आहे का ते यंत्रानं मोजायचं आणि चिठ्ठीवर वेळ घालून सही करायची, हे त्याचं काम. त्यानं लिहिलं होतं, 'त्या दिवशी यंत्र बिघडलेलं होतं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, जहाज उद्या सोडायचंय, उतरवा माणसं. स्फोट झाल्यावर तासाभरानं माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली, सकाळची वेळ घालून. यंत्र बिघडल्याची नोंद असलेली वही मी लपवून ठेवली आहे. तुम्ही या, तुम्हाला देतो. पण माझं नाव फुटलं तर मी परत येणार नाही. घरी आई एकटी आहे.'

मी होडीनं खाडी ओलांडून अंबरखाडीला गेलो. मोहल्ल्याच्या टोकाला, मशिदीच्या मागं, दारात रामफळाचं झाड असलेलं घर. रऊफची आई, जैतूनबी, सत्तरीची असेल. तिनं अक्षर ओळखलं. पत्र मी तिच्यादेखत चुलीत घातलं. मग तिनं मला तांदळाची भाकरी आणि मुडदुशांचं कालवण वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

"त्याला संगती घेऊनच येशील ना?" तिनं विचारलं.

"आणतो," मी म्हणालो. वार्ताहरानं असं वचन देऊ नये. पण तिच्यासमोर बसून भाकरी मोडत असताना मला दुसरं काही बोलता आलं नाही.

आमचे संपादक दामलेअण्णा म्हणाले, "रेडीज, टूरिस्ट म्हणून जा की. पत्रकाराचा व्हिसा मागायला गेलास तर तुझी दाढी पांढरी होईल." पण टूरिस्टला त्या गोदीच्या कॅम्पाच्या फाटकातून आत कोण सोडणार? स्फोटापासून तिथल्या कामगारांना बाहेर पडायला बंदी होती. आत जायचं तर त्यांच्या माहिती खात्याचं पत्रकाराचं कार्ड पाहिजे. त्याच रजेवरच्या माणसाबरोबर रऊफचा निरोप आला होता, 'कार्ड घेऊन या. कार्डवाल्याची फाटकावर झडती होत नाही.' म्हणजे वही बाहेर काढायची तर कार्डाशिवाय मार्ग नव्हता.

व्हिसाला अडीच महिने लागले. मुंबईतल्या त्यांच्या कचेरीत मी अकरा वेळा गेलो. तिथल्या फॉर्मवरही तोच प्रश्न, दोन जागी. आपल्याकडे कलेक्टर कचेरीत शिरलं की शिपाईच पहिला विचारतो, 'कोणाकडून आलात?' आणि नाव सांगता आलं नाही तर संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागतं. ओळख सांगण्यात आमची हयात गेली. इथं ओळख लपवायची होती, आणि खरं सांगतो, ते मला फार जड गेलं. पण चारही रकान्यांत मी 'नाही' लिहिलं. रऊफचं नाव माझ्या वहीत नव्हतं, डायरीत नव्हतं, बायकोलाही मी सांगितलं नव्हतं. आपण केवढे सावध आहोत, याचा मला गर्वच चढला होता.

व्हिसा होता दहा दिवसांचा. पासपोर्ट माहिती खात्यानं पहिल्याच दिवशी ठेवून घेतला आणि कार्डासाठी पायपीट सुरू झाली. फोटोत चष्मा चालत नाही, पुन्हा काढा. संपादकांच्या पत्रावर दैनिकाचं नाव मराठीत आहे, हे कसलं दैनिक, इंग्रजीत आणा. मी हॉटेलातून फॅक्स केला. अण्णांनी इंग्रजी लेटरहेड चक्क टाइपरायटरवर बडवून पाठवलं. मग ते अरबीत करून आणा. कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्या दुकानांची रांगच होती. तिथल्या मलबारी टायपिस्टनं पत्र अरबीत केलं आणि माझं आडनाव असं काही लिहिलं की खिडकीवरच्या अधिकाऱ्याला तो वेगळाच माणूस वाटला. तीन दिवस असे गेले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथं हत्तीही जागचा हलत नव्हता.

गुरुवारी दुपारी मी त्या खात्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. मान खाली घालून बुटांकडे बघत. तेवढ्यात कानावर शब्द आले.

"रेडीज म्हणजे चिपळूणचेच ना हो?"

मराठी! मी मान वर केली. समोर पन्नाशीचा, बारीक मिशांचा, पांढऱ्या शर्टातला माणूस फायली घेऊन उभा होता.

"मी अनंत विचारे. शृंगारतळीचा. इथं भाषांतराला आहे, अठरा वर्षं झाली. तुमचा कागद माझ्या टेबलावर आला. म्हटलं, बघावं तरी आपला माणूस कोण आलाय तो."

त्याला मिठी मारावीशी वाटली मला. तीन दिवसांत माझं नाव पहिल्यांदा कुणी सरळ घेतलं होतं. त्यानं मला चहा पाजला. रेडीजांतल्या कुठल्या घराचे, गुरांच्या दवाखान्यातले रेडीज कोण, असं चालू झालं. दहा मिनिटांत त्याचा एक मावसभाऊ माझ्या आतेबहिणीच्या दिराच्या वर्गात होता असं निघालं. कोकणातली दोन माणसं चंद्रावर भेटली तरी आधी वाडी विचारतील आणि मग हवा आहे का ते बघतील.

"तुम्हाला या बातमीचं कळलं कसं?" त्यानं मध्येच विचारलं.

मी सावध झालो. "पेट्या आल्या ना गावी. सगळ्या जिल्ह्याला कळलं."

"खरंय," तो म्हणाला आणि विषय सोडून दिला. "उद्या शुक्रवार, कचेरीला सुट्टी. दुपारी जेवायला या. बायको वाट बघतेय, आपल्याकडचं माणूस घरी येऊन दोन वर्षं झाली."

मी गेलो. का जाऊ नये? तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडक्या बंद, एसीची घरघर. वहिनींनी कुळथाचं पिठलं, भात, तळलेला बांगडा आणि सोलकढी केली होती. कोकमं माहेरून आलेली, जपून वापरत होत्या. मला समोर बसवून त्या एकेक विचारत सुटल्या. चिपळूणला पूर आला तेव्हा बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं? दाभोळच्या वीजप्रकल्पाचं काय झालं? मी सांगत होतो आणि त्या ऐकताना जेवायचं विसरत होत्या. विचारे खाली बघून काटे काढत होता.

"माझं माहेर खाडीपलीकडचं," वहिनी म्हणाल्या. "अंबरखाडीची होडी अजून चालते का हो? लहानपणी आम्ही तीतून जायचो."

"चालते की. यंदा पावसाळ्याआधीच गेलो होतो तीतून."

"अंबरखाडीला? अगबाई! कोणाकडे?"

"कामासाठी. असंच."

"मशिदीमागं एक घर होतं बघा, दारात रामफळाचं झाड. आम्ही पोरी रामफळं चोरायला जायचो. ती बाई ओरडायची आणि मग स्वतःच ओटी भरून द्यायची."

"झाड आहे अजून!" मी म्हणालो. माझ्या तोंडात त्यांच्या हातचं जेवण होतं, समोर त्यांचा फुललेला चेहरा होता. "आणि बाईही आहे. मी त्यांच्याकडेच जेवलो."

"जैतूनबी? अजून हयात आहे?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकटीच असेल आता. तिचा धाकटा इकडंच कुठल्याशा गोदीत आहे म्हणे. तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही हो," मी म्हणालो. "मला कुठलं ठाऊक असणार?"

"कढी घ्या अजून," विचारे म्हणाला. त्यानं मान वर केली नाही, पण वाटी स्वतःच्या हातानं भरली.

मी कढी घेतली. आपण काही बोललो आहोत असं मला वाटलंसुद्धा नाही. उलट, वेळेवर 'नाही' म्हटलं म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. निघताना वहिनींनी पुडीत बांधून चार कोकमं दिली. "परत या हां," त्या जिन्यापर्यंत येऊन म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी खिडकीसमोर उभा राहिलो आणि त्या अधिकाऱ्यानं काही न विचारता कार्ड पुढं केलं. हिरवं, प्लास्टिकचं, माझ्या चष्मा नसलेल्या बावळट फोटोसह. बरोबर टाइप केलेली चिठ्ठी होती. रविवारी सकाळी नऊला कामगार कॅम्पाला भेट, खात्याची गाडी हॉटेलवर येईल.

"पासपोर्ट?"

"जायच्या दिवशी."

मी व्हरांड्यात विचारेला शोधलं. त्याचाच हात यामागं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. तो टेबलावर नव्हता. मी त्याच्या फायलीवर 'आभारी आहे' अशी चिठ्ठी ठेवली. मराठीत. आज ती चिठ्ठी आठवली की मला माझ्या हाताची किळस येते.

रविवारी गाडी आली. फाटकावर शिपायानं कार्ड बघितलं, सलाम ठोकला. झडती झाली नाही. रऊफनं कळवलं होतं ते खरं निघालं. आत पत्र्याच्या लांबलचक खोल्या, एकेकीत सोळा खाटा, दोन मजली. कामगारांना रांगेत उभं केलं होतं, केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचे. माझ्याबरोबरचा तरुण अधिकारी म्हणाला, "बोला, मोकळेपणानं बोला."

मी रांगेतून चालत गेलो. रऊफला मी कधी पाहिलं नव्हतं. खूण त्याच निरोपातून ठरलेली होती. तो डाव्या मनगटाला रुमाल बांधून उभा राहणार होता. चाळीस मनगटं पाहिली. रुमाल एकाच्याही मनगटाला नव्हता.

शेवटी धीर करून मी एका खेडच्या माणसाला मराठीत विचारलं, "सगळी माणसं हीच का?"

त्यानं अधिकाऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "एक कमी हाय," तो ओठ न हलवता म्हणाला. "काल दुपारी नेला. गादी फाडून बघितली. वही गावली त्यांना."

"काय म्हणतोय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"जेवण चांगलं असतं म्हणतोय," मी म्हणालो.

परत येताना मी गाडीत बसून हिशोब जुळवत होतो. पत्र आणणारा माणूस? तो तर गावी होता. कॅम्पातला कुणी? मग इतके महिने गप्प कशाला राहील? शनिवारी सकाळी मला कार्ड मिळालं आणि शनिवारी दुपारी रऊफला नेला. शुक्रवारी मी कुठं होतो? विचारेच्या घरी, जेवत. तीन दिवस न हललेला कागद सुट्टीनंतरच्या पहिल्याच सकाळी हलला होता. त्यांना माझ्याकडून जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मग मला अडवून ठेवायचं कारणच उरलं नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता खात्याच्या सभागृहात पत्रकार परिषद होती. मला बोलावणं आलं. कार्डवाला परदेशी पत्रकार मी एकटाच होतो, म्हणून पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. व्यासपीठावर तीन अधिकारी, बाजूला भाषांतरासाठी विचारे. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मोठ्या अधिकाऱ्यानं जाहीर केलं की अपघाताचा गुन्हेगार सापडला आहे. गॅस मोजायचं ज्याचं काम, त्यानं ते केलं नाही. खोटी चिठ्ठी लिहिली, सही त्याचीच आहे. पुरावा नाहीसा करायला त्यानं सरकारी वही गादीत लपवली होती. गुन्हा त्यानं कबूल केला आहे. विचारे हे सगळं इंग्रजीत सांगत गेला, एकाच आवाजात, बाजारभाव वाचावेत तसा.

मग रऊफला आणलं. बारका, सावळा, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. एका पायावर जोर देत नव्हता. त्याला भिंतीशी उभं केलं.

"आमचे भारतातून आलेले पाहुणे, श्रीयुत रेडीज," मोठा अधिकारी माझ्याकडे हात करून म्हणाला. "आपण काही विचारावं."

माझं नाव ऐकल्यावर रऊफनं मान वळवली. आम्ही पहिल्यांदा एकमेकांना पाहत होतो. माझ्या गळ्यात ते हिरवं कार्ड होतं.

मी उभा राहिलो. प्रश्न तयार होता. स्फोटाच्या दिवसाची चिठ्ठी नक्की किती वाजता लिहिली? यंत्र बिघडल्याची नोंद त्या वहीत आहे का? वही दाखवाल का? एवढं विचारलं असतं तरी सभागृहातल्या वीस माणसांच्या कानावर गेलं असतं. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. वही त्यांच्याच ताब्यात होती, तिथले वार्ताहर एक अक्षर छापणार नव्हते, रऊफला आणखी मार बसला असता. ती सगळी खरी असतील. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, पासपोर्ट त्यांच्याकडे आहे. मी भ्यालो होतो.

"जखमींवर उपचार कुठं चालू आहेत?" मी विचारलं.

"उत्तम प्रश्न," अधिकारी म्हणाला आणि इस्पितळाची माहिती सांगू लागला.

रऊफला बाहेर नेताना पहिल्या रांगेसमोरून नेलं. माझ्यापाशी आल्यावर तो पाय दुखल्यासारखा थांबला आणि भराभर बोलला, "घरी जाल तवा आयेला सांगा, मी बरा हाय. जेवतो टायमावर." शिपायानं त्याला पुढं ढकललं. व्यासपीठावरून अधिकाऱ्यानं विचारेला काहीतरी विचारलं. विचारेनं अरबीत उत्तर दिलं. काय दिलं ते मला कळलं नाही, पण कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

सभागृह रिकामं झाल्यावर मी विचारेला जिन्यात गाठलं.

"तुम्ही लिहून दिलंत."

"हळू बोला."

"तुमच्या ताटात जेवलो मी!"

"तेच लिहावं लागतं," तो म्हणाला. "परदेशी पत्रकार कोणाला भेटला, कुठं जेवला, काय बोलला. रोज पाच वाजता कागद द्यायचा. तुम्ही माझ्या घरी आलात हे खालच्या पहारेकऱ्यानं लिहिलंच असतं. माझ्या कागदात नसतं तर मला विचारलं असतं, का नाही?"

"तुम्ही मुद्दाम बोलावलंत मला."

"हो. बोलवायला सांगितलं होतं मला." त्यानं फायली छातीशी धरल्या. "अंबरखाडीला तुम्ही कोणाकडे जेवलात एवढंच मी लिहिलं. त्या गोदीत अंबरखाडीचा एकच माणूस आहे, ते त्यांनी शोधलं. रेडीज, माझी मुलगी इथं कॉलेजात आहे. एका दिवसात आम्हाला विमानात बसवतील. किंवा बसवणारही नाहीत."

"वहिनींना ठाऊक आहे?"

त्यानं जिन्याखाली बघून घेतलं. "ती विचारते, रामफळाची बी पाठवतील का ते म्हणून."

मला त्याला मारावंसं वाटलं. पण मारायचा हक्क मला नव्हता. त्यानं लिहिलं ते माझ्याच तोंडचं होतं. चार रकान्यांत मी 'नाही' लिहिलं, सह्या केल्या, आणि एका वाटी कढीवर माणूस देऊन बसलो. कुणी कान पिळून विचारलं असतं तर मी जीव गेला तरी सांगितलं नसतं. आपलं म्हणून विचारलं, म्हणून सांगितलं.

मंगळवारी पासपोर्ट मिळाला. कार्ड त्यांनी परत घेतलं.

गावी आल्यावर मी सगळं छापलं. टाकी, बिघडलेलं यंत्र, तासाभरानं लिहिलेली चिठ्ठी, जप्त झालेली वही. पहिल्या पानावर, चार कॉलम. आमदारांनी निवेदन दिलं, मुंबईच्या पेपरांनी दोन ओळी उचलल्या, आणि तिकडे कुणी ते वाचलंही नाही. त्या चार कॉलमांत शुक्रवारचं जेवण मात्र कुठंही नव्हतं.

रऊफला सहा वर्षांची शिक्षा झाली. मी जैतूनबीकडे निरोप घेऊन गेलो. "बरा आहे, वेळेवर जेवतो," मी म्हणालो. तिनं माझे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. पुढं दर दोनतीन महिन्यांनी मी जायचो. दिल्लीला अर्ज करायचो, दूतावासाला पत्रं लिहायचो, ती तिला वाचून दाखवायचो. मोहल्ल्यातले लोक म्हणायचे, रेडीजसाहेब सख्ख्या भावासारखे झटतात. मी ऐकून घ्यायचो. सांगायचं म्हणून कितीदा तरी होडीत बसलो आणि तिच्या दारात पोचल्यावर भाकरी खाऊन परत आलो. पाचव्या वर्षी, भाद्रपदात, ती गेली.

रऊफ सुटून आला तो वर्षभरानं. गावी न थांबता तो चिपळूणला माझ्या घरी आला. केस पूर्ण पांढरे, तो पाय अजून ओढत होता. बायकोनं चहा ठेवला. तो घेण्याआधी मला बोलायचं होतं, नाहीतर याही वेळी राहिलं असतं.

"रऊफभाई, तुमचं नाव माझ्या तोंडून गेलं," मी म्हणालो, आणि विचारेचं घर, वहिनी, रामफळाचं झाड, कढी, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यानं चहाचा कप उचलला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी सांगितला त्यांनी. म्हणाले, तुझा पत्रकारच बोलला. मना वाटला खोटा बोलतात. मग त्यांनी कागद वाचून दाखवला. रामफळाचा झाड होता त्यात, आयेचा नाव होता. तवा खरा वाटला."

"पहिल्या दिवशी? म्हणजे सभागृहात आणलं त्याच्या आधी?"

"आधीच."

"मग तिथं आईचा निरोप माझ्याजवळ का दिलात?"

त्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"दुसऱ्या कोणाजवळ देऊ?" तो म्हणाला. "त्या हॉलातून घरी परत जाणारा तुमीच एकटे होता."